भुयारी स्थानकातली व्हीलचेअर

मुंबईची मेट्रो ३, म्हणजेच ॲक्वा लाइन, आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटर धावते आणि तिच्या २७ स्थानकांपैकी आरे सोडले तर बाकी २६ जमिनीखाली आहेत. मार्ग एकदम उघडला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये वरळीचा आचार्य अत्रे चौक आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेड, असा तो तीन हप्त्यांत प्रवाशांच्या हाती आला. पुण्यात शिवाजीनगर आणि जिल्हा न्यायालय ही भुयारी स्थानके ऑगस्ट २०२३ मध्ये, तर कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. नवे स्थानक उघडले की त्याची खोली, सरकते जिने, चकचकीत फरशी यांचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशाच्या लेखी मात्र स्थानकाची परीक्षा दुसऱ्याच ठिकाणी होते. फुटपाथवरून लिफ्टपर्यंत, लिफ्टमधून फलाटापर्यंत आणि फलाटावरून डब्यात, कुठेही न अडता आणि कुणी न उचलता जाता येते का, एवढेच त्याला पाहायचे असते.

उन्नत स्थानकावर चढायचे आणि भुयारी स्थानकात उतरायचे, एवढाच फरक वरवर दिसतो. खरा फरक खोलीचा आहे. मेट्रो ३ ची स्थानके साधारण २० ते २५ मीटर खोल आहेत. पुण्याचे जिल्हा न्यायालय स्थानक ३३.१ मीटर खोल असून देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा असा दंडक आहे, म्हणजे एक फूट उंची गाठायला बारा फूट लांबी. या हिशेबाने ३३ मीटर खाली नेणारा रॅम्प जवळपास ४०० मीटर लांब होईल आणि मधल्या विसाव्याच्या सपाट जागा धरल्या तर त्याहूनही जास्त. तो कुणी बांधणार नाही, आणि बांधलाच तर हाताने चाके फिरवत तो चढून येणारा माणूस विरळा. सरकता जिना हा तर पर्यायच नाही. त्याची पायरी जेमतेम ४० सेंटिमीटर खोल असते, खुर्चीची पुढची आणि मागची चाके तिच्यावर एका पातळीत राहूच शकत नाहीत. उरते ती लिफ्ट. स्थानकाला जिने कितीही असोत, व्हीलचेअरसाठी त्याचे दार एकच असते.

जुन्या भुयारी रेल्वेने हे दार ठेवलेच नव्हते. लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. आजही तिथल्या ट्यूबच्या २७२ स्थानकांपैकी सुमारे एक तृतीयांश स्थानकांतच रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता-उतरता जाता येते. न्यूयॉर्कच्या सबवेची स्थानके ४७२ आहेत. तिथे दिव्यांगांच्या संघटनांनी लावलेल्या दाव्यांत २०२२ मध्ये तडजोड झाली आणि ९५ टक्के स्थानके सुगम करण्याची मुदत ठरली २०५५. मुदत वाचून हसू येईल, पण त्यामागे कारण आहे. चालू स्थानकात लिफ्ट बसवायची तर यंत्र विकत घेऊन भागत नाही. वर फुटपाथवर जागा हवी, खाली फलाटावर दोन खांबांच्या मध्ये तिचा डक्ट उतरायला हवा आणि या दोहोंच्या मध्ये पाण्याच्या, गॅसच्या, विजेच्या वाहिन्या, शेजारच्या इमारतींचे पाये आणि स्थानकाचाच स्लॅब आडवा येतो. गाड्या बंद ठेवता येत नाहीत, म्हणून काम रात्रीच्या तीन-चार तासांत उरकावे लागते. हीच लिफ्ट आराखड्यात पहिल्यापासून असली तर प्रकल्पाच्या एकूण खर्चात ती शोधून काढावी लागते.

नवे आणि जुने यांतला हा फरक लंडनमध्ये एकाच शहरात दिसतो. २४ मे २०२२ रोजी सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनची सर्व ४१ स्थानके पायरीविना गाठता येतात. मूळ योजनेत शहराबाहेरची काही जुनी स्थानके यातून वगळलेली होती. दिव्यांग प्रवाशांच्या संघटनांनी पाठ सोडली नाही आणि २०१४ मध्ये त्या स्थानकांसाठीही पैसा मंजूर झाला. फॅरिंग्डन आणि लिव्हरपूल स्ट्रीट या स्थानकांत तर सरकत्या जिन्याच्या कडेने तिरकी धावणारी लिफ्ट बसवलेली आहे. भारतात कोलकात्याची भुयारी मेट्रो १९८४ ची आणि दिल्लीची मेट्रो डिसेंबर २००२ ची. मधल्या काळात १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला होता आणि दिव्यांगांच्या संघटना आराखड्याच्या टप्प्यावरच बोलू लागल्या होत्या. लिफ्ट, रॅम्प, रुंद गेट आणि पिवळ्या फरश्या ही आज प्रत्येक भारतीय मेट्रोत दिसणारी सामग्री दिल्लीपासून रूढ झाली. मुंबई-पुण्याची भुयारी स्थानके या परंपरेतली आहेत, त्यामुळे त्यांच्याकडून अपेक्षाही जास्त ठेवायला हरकत नाही.

व्हीलचेअरवाल्याचे स्थानक फुटपाथपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. मुंबईत दुचाक्या चढू नयेत म्हणून फुटपाथवर लोखंडी खुंट रोवलेले असतात. साधी व्हीलचेअर ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते, त्यामुळे दोन खुंटांत मीटरभर अंतर असले तर ती निघून जाते. अंतर त्याहून कमी ठेवले की दुचाकी रस्त्यावरून जाते आणि तिच्या मागोमाग व्हीलचेअरही. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराच्या ईमेलवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या खुंटांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे महापालिकेला त्याचे उत्तर द्यावे लागले. खुंटांतून वाट मिळाली तरी फुटपाथचा कट्टा राहतोच. वीस सेंटिमीटर उंचीचा कट्टा पायी माणसाला जाणवतही नाही. हाताने चालवायच्या खुर्चीला तो मागून ढकलणाऱ्याशिवाय चढता येत नाही आणि मोटरच्या खुर्चीला तर मुळीच नाही.

पुढे स्थानकाचे तोंड. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून ते रस्त्यापेक्षा उंच चौथऱ्यावर असते आणि मुंबईत ही उंची अत्यावश्यक आहे. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी घुसले आणि गाड्या वरळीपर्यंतच सोडाव्या लागल्या. पण चौथरा जितका उंच तितका रॅम्प लांब. ६० सेंटिमीटरच्या चौथऱ्याला सात मीटरहून लांब रॅम्प लागतो. अरुंद फुटपाथवर तो सरळ बसत नाही, मग वळवावा लागतो आणि वळणावर खुर्ची फिरवायला दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा सोडावी लागते. ही जागा सोडली नाही तर रॅम्प फक्त फोटोत सुगम दिसतो. रॅम्पच्या पायथ्याकडेही नीट पाहावे लागते. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक जिथे मिळतात तिथे दोन-तीन सेंटिमीटरची कड उरली, की खुर्चीची पुढची लहान चाके तिथे आपटून आडवी होतात आणि खुर्ची जागच्या जागी थांबते, बसलेला माणूस मात्र पुढे झुकतो. आणि रॅम्पच्या तोंडाशी लावलेली एक स्कूटर सुमारे ३७ हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाला पुरून उरते.

भुयारी स्थानकाला रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिळून अनेक प्रवेशद्वारे असतात आणि त्यांना अ१, ब२ अशी नावे दिलेली असतात. प्रत्येक दाराला लिफ्ट नसते. चालणाऱ्या माणसाला चुकीचे दार लागले तर फार तर शंभर पावले वाया जातात. व्हीलचेअरवाल्याला चुकीचे दार लागले तर त्याला अख्खा रस्ता ओलांडून पलीकडे जावे लागते, आणि वाहनांनी दुथडी भरलेला रस्ता ओलांडणे हे काम भुयारात उतरण्यापेक्षा अवघड असू शकते. म्हणून लिफ्ट कुठल्या दाराला आहे हे लिफ्टवर लिहून उपयोग नाही, ते बाकीच्या सगळ्या दारांवर लिहायला हवे. नकाशातही स्थानकाच्या नावाऐवजी लिफ्टच्या दाराची नेमकी जागा दिसायला हवी. इतक्या स्वस्तात होणारी दुसरी सुधारणा या सगळ्या साखळीत नाही.

लिफ्टच्या बाबतीत राष्ट्रीय इमारत संहितेने किमान १३ माणसांची लिफ्ट आणि ९० सेंटिमीटरचे दार सांगितले आहे. तेरा माणसांची म्हणजे ८८४ किलोची, कारण हिशेबात एक माणूस ६८ किलोचा धरतात. प्रत्यक्षात एक व्हीलचेअर चार-पाच जणांची जागा घेते. साधी खुर्ची १५ ते २० किलोची असते, मोटरची बॅटरीसकट शंभर किलोच्या घरात जाऊ शकते. बटणे ९० ते १२० सेंटिमीटर उंचीवर असावीत, म्हणजे बसल्या जागेवरून हात पोचतो. त्यांवर ब्रेल असते, मजला बोलून सांगितला जातो, आतल्या भिंतीला पकडायचा दांडा असतो. समोरच्या भिंतीवरचा आरसा केस विंचरायला आहे अशी अनेकांची समजूत असते. तो आहे खुर्चीसाठी. आत वळायला जागा नसेल तर माणूस सरळ आत शिरतो आणि उलटा बाहेर निघतो. त्या वेळी पाठीमागे दार उघडले का, कुणी उभे आहे का, हे त्याला आरशातच दिसते. लिफ्टवर जाहिरातीचा कागद डकवताना नेमका आरसाच झाकला जातो, तेव्हा गैरसोय कुणाची होते हे डकवणाऱ्याला ठाऊकही नसते.

वीज गेली तर काय, ही भीती साहजिक आहे. आजच्या लिफ्टमध्ये बॅटरीवर चालणारी बचाव यंत्रणा असते. ती लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडते. स्थानकाला जनरेटरही असतो. पण जवळचा मजला म्हणजे फलाट असू शकतो आणि तिथून वर येण्यासाठी वीज परतण्याचीच वाट पाहावी लागते.

पहिली लिफ्ट रस्त्यावरून कॉनकोर्सवर, म्हणजे मधल्या मजल्यावर सोडते. इथे तिकीट, तपासणी आणि गेट. तिकीट खिडकीचा एक भाग ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीवर असला तर पैसे देता येतात, नाहीतर काचेमागच्या कर्मचाऱ्याला नुसता आवाज ऐकू येतो. सुरक्षा तपासणीची धातुशोधक चौकट खुर्चीला निरर्थक असते, कारण खुर्ची स्वतःच धातूची. तपासणी हातातल्या यंत्राने करावी लागते आणि ती करणाऱ्याला खुर्चीला हात लावण्याआधी विचारावे एवढे शिकवलेले असले तर बरे. नेहमीची गेटे व्हीलचेअरला अरुंद पडतात, म्हणून एका टोकाला ९० सेंटिमीटरचे रुंद गेट असते. ते कुलूपबंद ठेवून किल्ली भलत्याकडेच ठेवण्याची जुनी सरकारी सवय मेट्रोत शिरू नये, एवढी दक्षता पुरे.

फरशीतल्या पिवळ्या पट्ट्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. त्या अंध प्रवाशांसाठी आहेत. लांब रेघांची फरशी चालत राहा असे सांगते, गोल ठिपक्यांची थांबा असे. ठिपके पाचेक मिलिमीटर उंच असतात आणि व्हीलचेअरची चाके त्यांवरून गेली की हिसके बसतात. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला हे हिसके चांगलेच त्रास देतात. एकाची वाट ही दुसऱ्याची अडचण होते, हे खरे आहे. पट्टी एका कडेला घेतली आणि तिच्याजवळून खुर्ची जाईल एवढी गुळगुळीत फरशी मोकळी ठेवली की दोघांचेही भागते. अडचण येते ती लिफ्टच्या दारासमोर, जिथे दोघांनाही नेमके तिथेच यायचे असते.

कॉनकोर्सवरून फलाटावर जायला दुसरी लिफ्ट लागते, कारण गेटच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग वेगळा ठेवायचा तर एकच लिफ्ट रस्त्यापासून फलाटापर्यंत नेता येत नाही. चढताना दोन, उतरण्याच्या स्थानकावर दोन, म्हणजे एका साध्या प्रवासाला चार लिफ्ट. ही संख्या डोक्यात ठेवून पुढचा हिशेब करावा. समजा, प्रत्येक लिफ्ट शंभरपैकी ९७ वेळा चालू सापडते. देखभाल करणाऱ्याला हा आकडा अभिमानाचा वाटेल. पण चारही लिफ्ट एकाच वेळी चालू असण्याची शक्यता शंभरात ८८-८९ एवढीच राहते. मध्ये मार्ग बदलायचा असेल आणि आणखी दोन लिफ्ट लागत असतील तर ती ८३ वर येते. म्हणजे दर सहा प्रवासांपैकी एकात कुठेतरी अडकायचे. कामावर जाणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. तो मेट्रो सोडून देतो, मग स्थानकात व्हीलचेअर दिसत नाहीत आणि व्हीलचेअर येतच नाहीत तर एवढा खर्च कशाला, असे विचारणारेही निघतात. यावर तोडगा दुहेरी आहे. पहिला, प्रत्येक टप्प्याला दोन लिफ्ट ठेवणे. तो आराखड्यातच करावा लागतो. दुसरा, बंद लिफ्टची माहिती त्या स्थानकावर पाटी लावून न देता निघायच्या स्थानकावर आणि ॲपवर देणे. फलाटावर पोचल्यावर कळलेली माहिती म्हणजे २५ मीटर खोल कोंडी.

फलाट हा मात्र नव्या भुयारी स्थानकाचा सर्वांत जमलेला भाग आहे. कडेला काचेची दारे असतात आणि गाडी थांबून तिची दारे जुळल्यावरच ती उघडतात. रुळांवर पडण्याची भीती राहत नाही, ब्रेक लावायचा राहून गेला तरी खुर्ची घरंगळून काचेपर्यंतच जाते. दारे जुळायची तर गाडी दर वेळी नेमक्या जागी थांबायला हवी आणि ते काम स्वयंचलित यंत्रणा करते. त्याचा फायदा असा, की व्हीलचेअरच्या राखीव जागेसमोरचे दार कुठे येणार हे आधीच ठाऊक असते आणि तिथे जमिनीवर खूण करता येते. उपनगरी लोकलच्या फलाटावर दिव्यांगांच्या डब्यासाठी अशीच खूण असते. पण तिथे डब्याची फरशी फलाटापेक्षा उंच, मधली फट रुंद आणि गाडी थांबते काही सेकंद. व्हीलचेअरवर बसून एकट्याने लोकल पकडणे हे मुंबईत जवळपास अशक्यच.

मेट्रोत फलाट आणि डबा एका पातळीत असतात. नेमके किती एका पातळीत, यावर सगळे अवलंबून आहे. अमेरिकेच्या नियमात नव्या स्थानकांसाठी आडवी फट ७५ मिलिमीटर आणि उंचीतला फरक १६ मिलिमीटर ही कमाल मर्यादा आहे. एवढी काटेकोर पातळी राखणे सोपे नाही. डब्यात माणसे भरली की डबा खाली बसतो. ते टाळायला डब्याखाली हवेच्या स्प्रिंग असतात आणि भार वाढला की त्यांत आपोआप जास्त हवा भरली जाते. चाकेही झिजतात. मेट्रोचे नवे चाक बहुधा ८६० मिलिमीटर व्यासाचे असते आणि झिजून ७८० वर आले की बदलतात. व्यास ८० मिलिमीटरने घटला म्हणजे डब्याची फरशी ४० मिलिमीटर खाली आली. मध्ये पत्रे घालून ती पुन्हा उचलून घ्यावी लागते. नवीन मार्गावर पहिल्या वर्षी पातळी चांगली जुळते, यात विशेष नाही. सात-आठ वर्षांनी ती कशी राहते, यावरून देखभालीची किंमत कळते.

खुर्चीची पुढची चाके १२ ते २० सेंटिमीटर व्यासाची आणि जागच्या जागी फिरणारी असतात. फट तिरकी ओलांडली की एक चाक आधी पोचते, वळते आणि फटीत उतरते. म्हणून फट नेहमी काटकोनात ओलांडायची. हात मजबूत असतील तर मागच्या चाकांना झटका देऊन पुढची चाके क्षणभर उचलायची, नाहीतर खुर्ची उलटी फिरवून मोठी चाके आधी आत घ्यायची. सोबतच्याने मागून ढकलताना ‘जरा जोरात’ हा उपाय करू नये. चाक अडकले तर खुर्ची थांबते आणि बसलेला माणूस डब्यात फेकला जातो. एलिझाबेथ लाइनच्या मधल्या भुयारी स्थानकांत चढउतार सपाट आहे, टोकाच्या जुन्या स्थानकांत मात्र कर्मचारी हाताने रॅम्प टाकतो. असा घडीचा रॅम्प प्रत्येक फलाटावर ठेवायला फार खर्च येत नाही.

डब्यात राखीव जागेला आसने नसतात, भिंतीला पट्टा असतो आणि चालकाशी बोलायचे बटण बसल्या माणसाच्या हाताला येईल असे असते. मेट्रो लोकलपेक्षा झटकन वेग घेते आणि झटकन थांबते, त्यामुळे दोन्ही ब्रेक लावून खुर्ची गाडीच्या दिशेला पाठ करून उभी करणे उत्तम. राखीव जागेत गर्दीच्या वेळी माणसे उभी राहतात, ते समजण्यासारखे आहे. खुर्ची आल्यावरही मोबाइलमधून मान वर होत नाही, ते समजण्यासारखे नाही.

उतरल्यावर हाच क्रम उलटा. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या मेट्रो ३ च्या स्थानकांचा एक फायदा सहसा सांगितला जात नाही. वरची दोन्ही रेल्वे स्थानके टोकाची आहेत, रूळ तिथे संपतात, त्यामुळे सगळे फलाट एका सलग पातळीवर आहेत आणि एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला पूल चढावा लागत नाही. दादर किंवा ग्रँट रोडला तसे नाही, तिथे रेल्वेच्या पुलाची लिफ्ट शोधावी लागते. मरोळ नाक्याला भुयारातून थेट उन्नत मेट्रो १ वर जायचे असते, म्हणजे लिफ्टची संख्या वाढली.

स्वच्छतागृह ही बाब लेखात शेवटी येते, प्रवासात मात्र पहिली असते. व्हीलचेअर वापरणारे अनेकजण घरून निघण्याआधी तासन् तास पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जाता येईल असे ठिकाण नसते. नव्या स्थानकांत वेगळे स्वच्छतागृह असते. त्याचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे, आत खुर्ची फिरायला जागा हवी, कमोडच्या दोन्ही बाजूंना दांडे हवेत. आणि त्यात झाडू, बादल्या ठेवलेल्या नकोत.

आता संकटाची वेळ. आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही हे सर्वत्र शिकवले जाते आणि भुयारी स्थानकात व्हीलचेअरला तर लिफ्टशिवाय वाट नाही. भारतातल्या मेट्रोंचे आराखडे अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकांना धरून केले जातात. त्यांनुसार ४ मिनिटांत फलाट रिकामा व्हावा आणि ६ मिनिटांत सगळे सुरक्षित जागी पोचावेत. हा हिशेब चालणाऱ्यांचा आहे. व्हीलचेअरवाल्यासाठी धुरापासून बंदिस्त अशी आश्रयाची जागा, तिथून नियंत्रण कक्षाशी बोलायची सोय, अग्निशमन दलाच्या ताब्यातली लिफ्ट आणि जिन्यावरून उतरवता-चढवता येणारी खास खुर्ची लागते. गाडी भुयारात मध्येच अडकली तर अवघड होते. कडेचा निसटण्याचा मार्ग एका माणसापुरता असतो, त्यावर व्हीलचेअर मावत नाही आणि माणसाला खुर्ची सोडून उचलूनच न्यावे लागते. हे नीट करता येते, पण त्याची तालीम झालेली हवी. आपत्ती कवायतीत एकदा तरी खऱ्या व्हीलचेअरवरचा खरा प्रवासी बोलवावा. कर्मचाऱ्यालाच खुर्चीवर बसवून तालीम केली तर तो गडबडीत उठून चालू लागतो.

या सगळ्याला कायद्याचा आधार आहे. १९९५ च्या कायद्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या ४१ व्या कलमात बस थांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ दिव्यांगांना वापरता येतील असे करण्याची जबाबदारी सरकारवर आहे. ४४ व्या कलमानुसार सुगमतेचे निकष न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. २०२१ मध्ये केंद्राने सुगमतेची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण कायद्याखालच्या नियमांतली भाषा शिफारशीची राहिली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांतला १५ वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत ठरवायला केंद्राला सांगितले. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांवर दिव्यांग नोंदले गेले. व्हीलचेअर वापरणारे त्यांतला एक भाग. लिफ्ट लागते ती गुडघेदुखीच्या आजींना, बाळाच्या गाडीला आणि विमानतळावरून सामान घेऊन आलेल्यालाही, आणि रांगेत या सर्वांची गर्दी असते. ज्याला जिना चढता येतो त्याने तो चढावा, रांग तेवढीच कमी होते.

लिफ्ट बंद सापडली, रॅम्प अडवलेला दिसला किंवा रुंद गेट उघडायला कुणी नसले तर तक्रार आधी स्थानक नियंत्रकाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तारीख, वेळ, प्रवेशद्वाराचे नाव आणि लिफ्टचा क्रमांक यांशिवाय तक्रार टिकत नाही. दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे आणि चौकशीपुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कायद्याच्या ८९ व्या कलमानुसार पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यापुढच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे.